उझबेकिस्तान: निळे घुमट की फर्गाना खोरं? दहा दिवसांत काय निवडावं?

ओसरी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई (वय ६८), मावशी आणि मी अशा तिघी उझबेकिस्तानला निघालोय. ई-व्हिसा आला, दिल्लीहून ताश्कंदची तिकिटंही झाली. हातात दहा दिवस आहेत.

ताश्कंदच का, तर आईमुळे. ती तिसरीत असताना सकाळी रेडिओवर शास्त्रीजी ताश्कंदला वारल्याची बातमी आली आणि आजोबा हातातला तांब्या घेऊन अंगणात तसेच उभे राहिले, हे तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की ताश्कंद हे नाव आमच्या घरात नातेवाइकांच्या गावासारखं झालंय.

प्रश्न असा आहे. सगळ्या सहल कंपन्यांचा आराखडा एकच: ताश्कंद, समरकंद, बुखारा, खीवा. मी गेली सहा वर्षं घरी छोट्या मागावर विणते. मला मार्गिलानचं रेशीम बघायचंय, रिश्तानची कुंभारकाम करणारी घरं बघायची आहेत आणि ती पूर्वेला फर्गाना खोऱ्यात आहेत, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. खीवा गाळून फर्गाना घ्यावं का?

माझं मत आधीच सांगून टाकते. चारशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या भिंती सुंदरच असणार, पण त्या देशातली जी कला आजही माणसांच्या हातात चालू आहे ती मला जास्त ओढतेय. तिथं जाऊन आलेल्यांनी लिहा. मावशी शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही, त्याबद्दलही सांगा.

वाटाड्या

दोनदा जाऊन आलोय, २०१९ च्या एप्रिलमध्ये आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये. महिना उत्तम निवडलात. जून अखेरीपासून चाळीस दिवस तिथं 'चिल्ला' असतो, पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ज्येष्ठांना अजिबात नेऊ नये. ऑक्टोबरात दिवसा ऊबदार ऊन, रात्री स्वेटर.

ताश्कंद ते समरकंद ३४४ किलोमीटर. 'अफ्रासियोब' नावाची वेगवान गाडी सव्वादोन तासांत पोचवते. तिकिटं खुली झाली की पटकन संपतात, आजच तारखा बघून ठेवा.

आता मत. खीवा गाळू नका. इचन-काला म्हणजे मातीच्या जाड तटाच्या आत एक अख्खं गाव आहे आणि आत आजही लोक राहतात. जुमा मशिदीत मी सकाळी आठला शिरलो. आत कोणी नव्हतं. २१३ लाकडी खांब, प्रत्येकाची नक्षी वेगळी, काही खांब हजार वर्षांपूर्वीचे. छताला मोकळी जागा आहे, तिथून उजेड खाली येतो. मी अर्धा तास एका खांबाला टेकून बसलो होतो. तुम्हाला हातांचं काम बघायचंय ना? ते तिथं आहे, फक्त ते हात आता नाहीत.

आणि पश्चिम दरवाजाबाहेर अल-ख्वारिझ्मीचा पुतळा आहे. आपले अंक आणि दशमान पद्धत अरबी जगाला समजावून सांगणारा ग्रंथ त्याचा. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून आला. खीवा त्याच्याच ख्वारिझ्म प्रांतात. गणित शिकवणाऱ्या कुणालाही त्या पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर बरं वाटेल.

कर्दळ

वाटाड्यांशी आदरपूर्वक असहमत :) ओसरी, तुम्ही फर्गानाला जाच.

मार्गिलानला मी दोन दिवस होते. एका जुन्या रेशीम कारखान्यात कोशापासून कापडापर्यंत सगळं एका आवारात दाखवतात. मोठ्या कढईत कोश उकळत असतात, एक बाई काठीनं ढवळून धाग्यांची टोकं बरोबर पकडते आणि डोळ्यांना न दिसणारा तो धागा चाकावर चढतो. रेशमाचे किडे मात्र कारखान्यात नसतात, ते खेड्यातल्या घरांमध्ये वाढवतात. तुतीची पानं खाऊ घालायचा तो महिनाभर घरातली माणसं कोपऱ्यात झोपतात आणि चांगली खोली किड्यांना देतात.

पण तुम्हाला बघायचंय ते त्याच्या पुढचं. ताण्याचे धागे एका लांब चौकटीवर ताणतात. नक्षी काढणारा त्यावर कोळशाच्या कांडीनं खुणा करतो, मग खुणेप्रमाणे धाग्यांचे झुबके करकचून बांधायचे, रंगात बुडवायचे, सोडायचे, पुन्हा दुसरीकडे बांधायचे. पिवळा आधी, मग लाल, मग निळा. विणायला बसायच्या आधीच नक्षी धाग्यात उतरलेली असते. आपल्या पैठणीचं याच्या उलट आहे, तिथं आडव्या धाग्यानं विणताविणता मोर उभा राहतो. इथं विणकर फक्त ते रंगलेले धागे जागेवर ठेवतो, आणि ते थोडे सरकतातच, म्हणून प्रत्येक आकाराची कड पाण्यात पडलेल्या सावलीसारखी थरथरते.

या कामाला ते 'अब्रबंदी' म्हणतात. अब्र म्हणजे ढग. ढग बांधणं! मला तिथं एकदम आपला 'अभ्र' आठवला. फारसी अब्र आणि संस्कृत अभ्र एकाच घरातले शब्द आहेत, हे मला घरी आल्यावर भावानं सांगितलं, पण तिथं त्या अंगणात उभं असताना आपोआपच कळलं होतं.

खरेदीसाठी एक सांगते. 'अत्लस' म्हणजे पूर्ण रेशमाचं, चकचकीत. 'अद्रस' म्हणजे ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, ते जरा जाड आणि टिकाऊ. बाजारात यंत्रावर छापलेली नकलही भरपूर मिळते. कापड उलटून बघा, छापलेलं असेल तर मागची बाजू फिकी असते.

ताकभात

शाकाहाराबद्दल मी लिहितो, कारण आम्ही चौघं शाकाहारी होतो आणि अकरा दिवस नीट जेवलो.

पहिला धडा: उझबेकमध्ये 'सब्झी' म्हणजे गाजर! बायकोनं चायखान्यात मोठ्या विश्वासानं "सब्झी, सब्झी" म्हणून सांगितलं आणि ताटभर किसलेलं पिवळं गाजर आलं. तिथला मालक आमची तोंडं बघून इतका हसला, मग स्वयंपाकघरात नेऊन एकेक भाजी हातात देऊन विचारलं, "ही? ही?"

दुसरा धडा: 'गोश्तसिझ' हा शब्द पाठ करा. गोश्त तर कळलंच, सिझ म्हणजे विना. तरीही रस्सा हाडांचा नाही ना हे वेगळं विचारावं लागतं, कारण रश्शाला ते मांस धरत नाहीत.

मिळतं काय? भोपळ्याचा सोम्सा. आपल्या समोश्याचा हा पूर्वज तळत नाहीत, तंदूरच्या भिंतीला चिकटवून भाजतात. मात्र भोपळ्यातही चरबी घालायची पद्धत आहे, तेव्हा विचारून घ्या. टोमॅटो-कांद्याची पातळ चिरलेली कोशिंबीर 'अच्चिक-चुचुक', घट्ट दही, काकडी, उकडलेले बटाटे, आणि फळं तर अशी की जेवणाची गरजच वाटत नाही. ऑक्टोबरात द्राक्षं, डाळिंबं, अंजीर आणि खरबूज. त्यांचं ते लांबट पिवळं खरबूज मी जन्मात विसरणार नाही. खडीसाखरेसारखी 'नवात' मिळते, ती चहाबरोबर चघळतात. मावशींसाठी मेतकूट आणि लसणाची चटणी सोबत असू द्या. तिथली गरम नोन (तंदुरी रोटी), दही आणि आपलं मेतकूट, बस.

पिंपळपान

सब्झीचा किस्सा घरी वाचून दाखवला, सगळे हसतोय. मी वाचतेय, चालू द्या. वाचनखूण साठवली.

बालाघाट

सगळे रंगून लिहिताय, तर एक वेगळा सूर लावतो. कुणाला दुखवायचा हेतू नाही. समरकंदला गोर-ए-अमीरला रांगा लावून आपण कुणाची कबर बघतो? १३९८ च्या डिसेंबरात दिल्लीत ज्यानं कत्तल केली त्या तैमूरची. ताश्कंदच्या मुख्य चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. आंदिजानला बाबराचा मान. तिथं जाऊन "वा, काय नक्षी" म्हणणं मला जमणार नाही. रेशीम, कुंभार, नोन हे सगळं मान्य. पण घुमटांसमोर उभं राहताना हे आठवावं, एवढंच म्हणणं आहे.

शून्य_अंश

बालाघाट, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो विसरून तिथं फिरू नये, हे मलाही वाटतं. फक्त त्यात दोन गोष्टी जोडतो.

एक, तैमूर उझबेक नव्हता. तो बरलास टोळीचा, तुर्की भाषा बोलणारा मंगोल वंशाचा. उझबेक टोळ्या त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी शैबानी खानाबरोबर उत्तरेकडून आल्या आणि त्यांनीच १५०१ मध्ये बाबराला समरकंदमधून हुसकावलं. बाबर पुढे काबूलला आणि तिथून हिंदुस्थानात आला. सोव्हिएत संघ फुटल्यावर नव्या देशाला मोठा पूर्वज हवा होता, म्हणून तैमूर पुतळ्यावर चढला. आज तिथल्या शाळकरी मुलाला तो राज्य उभारणारा वाटतो आणि आपल्याला दिल्ली आठवते. दोन्ही खरं आहे.

दोन, दिल्लीहून तैमूरनं कारागीर पकडून नेले. दगड घडवणारे गवंडी त्यानं खास स्वतःच्या मशिदीसाठी राखून ठेवले होते. ती मशीद म्हणजे समरकंदची बीबी-खानिम, १३९९ ते १४०४ मधली. दगड ओढायला हत्तीही हिंदुस्थानातले होते. मी तिथं गेलो तेव्हा घुमटाकडे न बघता खालच्या संगमरवरी दगडांवर हात ठेवून उभा होतो. घरापासून तोडून आणलेल्या कुणाचा तरी हात त्यावर फिरला असेल. त्यांची नावं कुठंच नाहीत.

आणि त्याच तैमूरचा नातू उलुगबेग. त्याचं मन लढाईत नव्हतं, ताऱ्यांत होतं. समरकंदच्या टेकडीवर त्यानं वेधशाळा बांधली, सुमारे ४० मीटर त्रिज्येचा दगडी कंस उभारला आणि १४३७ मध्ये हजारावर ताऱ्यांची सारणी पुरी केली. १४४९ मध्ये पोटच्या मुलानंच त्याला मारवलं. वेधशाळा नष्ट झाली, ती १९०८ मध्ये उत्खननात सापडली, आणि आज जमिनीत खोदलेला त्या कंसाचा खालचा भाग आपण बघू शकतो. जयपूरच्या सवाई जयसिंगानं आपल्या सारण्या उलुगबेगच्या सारणीच्या आधारानं रचल्या. तेव्हा एकाच घराण्याकडून आपल्याकडे काय काय आलं, ते सगळंच आठवावं.

बालाघाट

शून्य_अंश, गवंड्यांचं माहीत नव्हतं. आता बीबी-खानिम बघायला जावंसं वाटतंय, त्या माणसांसाठी. पुतळ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण वेधशाळा यादीत टाकली.

नलूमावशी

उशिरा आले. मी १९८४ ते १९८९ ताश्कंदला शिकायला होते. तेव्हा सोव्हिएत राज्य होतं. मी गेले त्याच वर्षी मेट्रोचं 'कॉस्मोनॉट' स्टेशन उघडलं, निळ्या भिंतींवर गागारिन, तेरेश्कोवा आणि त्यांच्यासोबत उलुगबेगसुद्धा! फोटो काढायला मात्र बंदी, ती थेट २०१८ मध्ये उठली. ओसरी, आईंना मेट्रोतून फिरव, प्रत्येक स्टेशन वेगळं आहे. १९६६ च्या जानेवारीत शास्त्रीजी गेले आणि त्याच वर्षी २६ एप्रिलला भूकंपात जुनं ताश्कंद कोसळलं. आमच्या घरमालकीण बाई त्या वर्षाचं नाव निघालं की दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगायच्या. "तुमचे शास्त्री गेले आणि मग जमीन हलली."

आता माझं मत. खीवा की फर्गाना यावर भांडू नका, दोन्ही सुंदर. पण मला जे मिळालं ते कुठल्या तिकिटावर मिळत नाही, ते मोहल्ल्यात मिळतं. त्यांच्याकडेही मोहल्लाच म्हणतात. गल्लीतलं लग्न, मयत, भांडण, सगळं मोहल्ल्याचं.

नोन कशी असते सांगते. गोल, मधे खोलगट, त्यावर 'चेकिच' नावाच्या दातेरी ठशानं नक्षी टोचलेली, म्हणजे मधला भाग फुगत नाही आणि दिसायलाही सुंदर. ती पालथी ठेवायची नाही. सुरी लावायची नाही. वडीलधाऱ्यानं हातानं तोडून सगळ्यांना द्यायची. तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावतात. आपल्याकडे पायाखाली अन्न आलं की आजी हात जोडायला लावायची ना, तेच. घरातला मुलगा फौजेत निघाला की नोनचा एक घास तोडतो आणि उरलेली नोन भिंतीवर टांगून ठेवतात. तो परत येऊन ती संपवेल म्हणून. आमच्या मालकीणबाईंच्या घरात अशी एक नोन होती. मुलगा अफगाणिस्तानात होता. रोज संध्याकाळी दिवा लावताना मी त्या नोनकडे बघायचे. तो परत आला. सुकलेली ती नोन चहात भिजवून सगळ्यांनी मिळून खाल्ली, मलाही तुकडा दिला. अजून जिभेवर आहे ती चव.

चहाचंही शास्त्र आहे. किटलीतला पहिला चहा प्याल्यात ओतून परत किटलीत टाकायचा, असं तीनदा. पहिल्यांदा 'लोय' म्हणजे चिखल, दुसऱ्यांदा 'मोय' म्हणजे तेल, तिसऱ्यांदा 'चोय'. पाहुण्याला प्याला कधी भरून देत नाहीत, दोन-तीन घोटच. म्हणजे तो पुन्हा मागेल आणि यजमानाला पुन्हा वाढता येईल. प्याला काठोकाठ भरून आला तर समजा, निघायची वेळ झाली :)

बाळाला पाळण्यात घालायचा समारंभ 'बेशिक-तोय'. पाळणा आईच्या माहेराहून येतो, सजवून, गाद्या-दुलयांसकट. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं मी आजोळी बारशाला आलेय.

आणि वसंतात 'सुमलक'. गव्हाला मोड आणायचे, ते कुटून त्याचा चीक काढायचा, पीठ आणि तेल घालून मोठ्या कढईत रात्रभर ढवळायचं. साखरेचा कण नाही, तरी गोड लागतं. कुरडयांचा चीक ज्यांनी घोटलाय त्यांना कळेल किती ताकद लागते. तळ लागू नये म्हणून कढईत धुतलेले खडे टाकतात. गल्लीतल्या बायका आळीपाळीनं ढवळतात, गाणी म्हणतात, आणि सकाळी ज्याच्या वाडग्यात खडा येईल त्यानं मनात इच्छा धरायची. त्या काळी सरकार नवरोजकडे, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या या सणाकडे, वाकड्या नजरेनं बघायचं, तरी आमच्या गल्लीत कढई चढायचीच.

पिंपळपान

नलूमावशी, नोनचं वाचून गप्प बसले. वेगळा धागा काढून सगळ्या पाच वर्षांबद्दल लिहा, विनंती.

कर्दळ

+१. लिहाच.

गोदाकाठ

आमच्या संभाजीनगरचा इथं धागा जुळतो, म्हणून लिहितो.

पाणचक्की सगळ्यांनी बघितली असेल. शाळेच्या सहलीत तिथं गार पाण्यात पाय घालून बसलोय. पण ती ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे ते बाबा शाह मुसाफिर कुठले? बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे. त्यांचे गुरू बाबा पलंगपोशही तिथलेच. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुघल फौजांबरोबर दख्खनेत आलेल्या मध्य आशियाई लोकांचा या नक्शबंदी (सूफी पंथाच्या) फकिरांवर विश्वास होता. मुसाफिरांनी इथं तकिया, म्हणजे फकिरांचा मठ, बांधला आणि इथंच देह ठेवला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांनी आणून त्यावर जातं फिरवायचं, त्या पिठावर फकीर आणि वाटसरू जेवायचे.

दोन वर्षांपूर्वी बुखाऱ्याला गेलो तेव्हा टॅक्सी करून मुद्दाम गिझदुवानला गेलो. पाऊण-एक तासाचा रस्ता. उलुगबेगनं १४३३ मध्ये बांधलेली छोटी मदरसा आहे. शेजारी कुंभारांचं घर. रिश्तानची भांडी निळी-फिरोजी असतात, गिझदुवानची तपकिरी, पिवळी, हिरवी, आपल्या मातीच्या जवळची. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांना मोबाइलवर पाणचक्कीचा फोटो दाखवला आणि दुभाष्याकरवी सांगितलं की तुमच्या गावचा माणूस आमच्या गावात आहे, तीनशे वर्षं झाली. त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला, मग मुलाला हाक मारून दाखवला. पैसे घेतले नाहीत, एक वाडगा हातात ठेवला. तो आमच्या देवघराशेजारी आहे.

ओसरी, बुखाऱ्याला दोन रात्री ठेवा आणि अर्धा दिवस गिझदुवान करा. कुंभारकाम तिथंच बघून होईल.

आंबेमोहर

गोदाकाठ, पाणचक्कीला शंभरदा गेलेय, हे माहीत नव्हतं!

अवांतर: शब्दांचा मला छंद. ताश्कंदच्या चोरसू बाजारात फिरताना मी वही भरली होती. टरबूज म्हणजे 'तरवुझ', बदाम 'बोदोम', कांदा 'पियोझ', अंजीर 'अंजीर', मनुका 'किश्मिश', तराजू 'तरोझी', रुमाल 'रुमोल', हौद 'होवुझ'. बुखाऱ्याचा ल्याबी-हौझ म्हणजे हौदाचा काठ, कडेनं शेकडो वर्षांची तुतीची झाडं आणि गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दिनचा पुतळा. यातले बहुतेक शब्द फारसीतून दोन्हीकडे गेले. पण 'चकमक' हा मूळ तुर्कीच, तिथं विजेला आणि ठिणगीच्या दगडाला 'चक्मोक' म्हणतात. एका आजींना मी आकडे, फळं म्हणून दाखवली तर त्यांनी मला मुठी भरभरून जर्दाळू दिले आणि राज कपूरचं गाणं म्हटलं.

ताकभात

आंबेमोहर, खरबुजावरून आठवलं. बाबरानं आत्मचरित्रात हिंदुस्थानात चांगली खरबुजं नाहीत म्हणून तक्रार केलीय, आणि काबूलहून आलेलं एक कापताना त्याला रडू फुटलं होतं. तिथलं खरबूज खाल्ल्यावर एवढ्यापुरतं मला त्याचं म्हणणं पटलं. बालाघाट, एवढ्यापुरतंच :)

बालाघाट

ताकभात, खरबुजापुरती सूट दिली :)

कापूसवाला

मी यवतमाळचा, घरी कापूस. उझबेकिस्तान म्हटलं की मला घुमट दिसत नाहीत, अराल समुद्र दिसतो. १९६० पर्यंत जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी कालव्यांनी वाळवंटातल्या कापसाला वळवलं आणि सरोवर आटलं. मोयनाक हे मासेमारीचं बंदर होतं, आज पाणी शंभरावर किलोमीटर लांब गेलंय आणि गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत. मी कृषी अभ्यास गटासोबत तिथं गेलो होतो. वारा सुटला की तळातलं मीठ आणि जुन्या फवारण्यांचं विष उडतं.

शाळकरी पोरांना, मास्तरांना, डॉक्टरांना वेचणीला जबरदस्तीनं नेत. जगभरच्या कापड कंपन्यांनी तिथला कापूस घेणं बंद केलं, सक्ती थांबल्यावर २०२२ मध्ये तो बहिष्कार उठला. वेचणी बाईमाणसांच्या बोटांना काय करते हे मी घरी बघतो, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही. रेशमाबरोबर कापसाचीही आठवण ठेवा. ऑक्टोबरात जाताय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी चालू असेल. गाडी थांबवून बोला, ते लोक हसून बोलतात.

शून्य_अंश

कापूसवाला, धन्यवाद. नुकुसपर्यंत जाणाऱ्यांनी तिथलं सावित्स्की संग्रहालयही बघावं. सरकारला नको असलेली चित्रं त्या माणसानं राजधानीपासून लांब त्या वाळवंटात आणून जपली.

वाटाड्या

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कर्दळ आणि नलूमावशींचं वाचून मी माझा हट्ट थोडा सोडलाय.

दहा दिवसांचं गणित मांडून बघितलं. बुखारा ते खीवा किझिलकुमचं वाळवंट ओलांडून गाडीनं सहा-सात तास जातात. आईंच्या वयाला एकाच सहलीत हे आणि फर्गाना दोन्ही झेपणार नाही. फर्गानाला आता ताश्कंदहून थेट रेल्वे आहे, २०१६ मध्ये कामचिक घाटाखाली १९ किलोमीटरचा बोगदा झाला, पाचेक तासांत मार्गिलान. आधी ही रेल्वे ताजिकिस्तानातून वळसा घालून जायची.

म्हणून: ताश्कंद दोन, मार्गिलान-रिश्तान दोन, समरकंद दोन, बुखारा तीन, आणि परतीला ताश्कंद. खीवा पुढच्या खेपेला. जुमा मशिदीतले खांब हजार वर्षं थांबलेत, अजून थोडं थांबतील.

एक सूचना. मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी नोंदणीची चिठ्ठी मागून घ्या. मला एका ठिकाणी दिली नाही आणि मी मागितली नाही, पुढच्या मुक्कामी दोन तास खुलासे करत बसलो.

ओसरी

मंडळी, सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तीन संध्याकाळी लागल्या. वाटाड्यांचा आराखडा पक्का केला, बुखाऱ्यातला अर्धा दिवस गिझदुवानला. कर्दळ, मार्गिलानला माझ्या मागावर विणलेला एक पंचा नेणार आहे, विणकरांना दाखवायला. भाषा येत नाही, पण कापड बघून ते बोलतील असं वाटतं. मावशी 'गोश्तसिझ' घोकतेय, आणि नोनचा प्रसंग ऐकल्यापासून आमच्याकडे पोळीला सुरी लावायची बंदी झालीय.

कापूसवाला, तुमचा प्रतिसाद वाचून आई म्हणाली की वेचणाऱ्या बायकांसाठी काहीतरी न्यायचं. काय न्यावं?

नलूमावशी, एक शेवटचं. आईला शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी फुलं वाहायची आहेत. तिथं हार मिळतो का?

कापूसवाला

बोटांना लावायला साधं कोकम तेल न्या. आमच्याकडच्या बाया भेगांना तेच लावतात.

नलूमावशी

हार मिळणार नाही, सुटी फुलं मिळतात. तो अर्धपुतळा शास्त्रींच्याच नावाच्या रस्त्यावर आहे, टॅक्सीवाल्याला "शास्त्री" एवढं म्हटलं तरी जुनी माणसं ओळखतात. फुलं घेताना एक लक्षात ठेव. तिथं आनंदाच्या प्रसंगी विषम फुलं देतात, आणि गेलेल्या माणसासाठी सम. फुलवाली विचारेल कशासाठी हवीत. आईंना सांगू दे कुणासाठी ते. ती मोजून दहा देईल.